घरभेटीसाठी मागून आणलेला सोफा

आमच्या समाजातल्या शिकून पुढं गेलेल्या इंजिनिअर-अधिकाऱ्यांची एक संघटना आहे. ज्या घरात आजवर कुणी कॉलेजात गेलं नाही, तिथल्या पोरांना ती पुढच्या शिक्षणाला हात देते. माझी नात बी.एस्सी. झाली, तिला बंगळुरात एम.एस्सी.ला जागा मिळाली. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. तो म्हणाला, "परक्या गावात एकटी पोर मी धाडणार नाही." संघटनेनं तिला घेतलं, तर बंगळुरातच संघटनेतल्या एका निवृत्त बाईंच्या घरी राहायची सोय होणार होती. नाही घेतलं, तर शिक्षण तिथंच संपलं.

घ्यायच्या आधी संघटनेची माणसं घरभेटीला येतात. कामोठ्यात आमची एक खोली आणि किचन. नात म्हणाली, "आजोबा, जसं आहे तसं राहू दे. तेच बघायला येणार आहेत."

आपल्यातले साहेब आपल्या दारात येणार आणि त्यांना चटईवर बसवायचं? मी जिवंत असताना नाही. समोरच्यांचा सोफा मागितला. तिसऱ्या मजल्यावरचा मोठा टीव्ही आणला. खालच्या शिंपिणीनं सोनेरी काठाचे कप दिले आणि वर म्हणाली, "काका, फुटला तर सांगू नका, नवीनच आणा." आमच्याकडं पाहुणा यायचा असला की अशीच सगळी इमारत कामाला लागते. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

एक टकले इंजिनिअर आले आणि बँकेतल्या एक बाई. बाईंच्या हातात फॉर्म होता.

"टीव्ही कधी घेतला, आजोबा?"

"दिवाळीला. जुना बारका वाटायला लागला."

नात किचनच्या दारातून डोळे वटारत होती. मला वाटलं, चहात साखर कमी पडली असेल. जाताना बाई म्हणाल्या, "छान ठेवलंय घर." मी दोन दिवस फुगून फिरत होतो.

आठवड्यानं नातीच्या मोबाइलवर उत्तर आलं. कुटुंबाची परिस्थिती समाधानकारक असल्यामुळे विचार करता येत नाही. माझी परिस्थिती समाधानकारक आहे असं कुणी लिहून देण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. नात पुस्तकं उचलून माळ्यावर ठेवायला लागली. सून म्हणाली, "मामंजी, सोफा तुम्ही आणला. आता सांगायलाही तुम्हीच जा."

रविवारी वाशीला संघटनेच्या ऑफिसात गेलो. तेच दोघं बसले होते. खरं काय ते तोंडी सांगितलं. इंजिनिअर म्हणाले, "असं तोंडी चालत नाही. अर्ज लिहा. आम्ही गरीब आहोत, असं लिहा."

"गरीब मी लिहिणार नाही."

"मग काय लिहाल?"

"खरं तेच लिहीन."

मी तिसरीपर्यंत शिकलो. जन्म गेला तुर्भ्याच्या मार्केटात गोण्या उचलण्यात. पेन हातात धरायला पहिल्यापासूनच जड. चार ओळींना तास लागला. बाईंनी लिहून द्यायला हात पुढं केला, मी कागद बाजूला ओढला. लिहिलं ते असं: टीव्ही तिसऱ्या मजल्याचा. सोफा समोरच्यांचा. कप शिंपीणबाईचे. नात माझी.

बाईंनी वाचलं. हसल्या नाहीत. कागद फॉर्मला टाचला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी आम्ही न सांगता येऊ."

आले तेव्हा मी बनियनवर भाजी निवडत होतो. चटईवर बसले, स्टीलच्या पेल्यातून चहा प्याले आणि नातीला घेतलं.

मग संघटनेला वाटलं, माझा सत्कार करावा. पत्रिकेत माझ्या नावाखाली छापलं होतं, 'गरजू पालक'. वर तो अर्ज स्टेजवर वाचून दाखवणार होते. फोन आला तेव्हा मी म्हणालो, मला वेळ नाही. खोटं नव्हतं. सत्काराच्याच संध्याकाळी कळंबोलीहून नातीची बंगळूरची बस होती.

बस यायला उशीर झाला. तोवर ती मला बंगळुरातल्या त्या निवृत्त बाईंचा पत्ता पाठ करायला लावत होती. गल्लीचं कानडी नाव, जीभ वळेना. चार वेळा चुकलो. ती म्हणाली, "राहू दे आजोबा, लिहून देते."

मी म्हणालो, "लिहून नको." पाचव्यांदा बरोबर म्हणालो. पण तोवर ती बसमध्ये चढली होती आणि काच बंद होती.