खाडाखोडीवरची सही

माफ केलं की मन हलकं होतं, असं लोक सांगतात. मला ते कधी जमलं नाही. बावीस वर्षं मी एका माणसावर दात धरून होते आणि त्यामुळे माझं मन जड झाल्याचं मला तरी आठवत नाही. उलट सकाळी लवकर उठायला त्या रागाचा उपयोगच व्हायचा.

तो माणूस आमच्या बुऱ्हाणपुरात इतवाऱ्याजवळच्या एका खासगी शाळेत बडेबाबू होता, म्हणजे मुख्य कारकून. माझे बाबा त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा एक तक्रार आली. प्रात्यक्षिक परीक्षेला आलाच नव्हता अशा एका मुलाला पैकीच्या पैकी गुण पडले होते, आणि तो मुलगा बडेबाबूंचा भाचा. बाबांनी हजेरीपत्रकावर त्याला गैरहजर मांडलं होतं. पण ते मूळ पत्रक सापडेना. बडेबाबूंनी एक नवी नक्कल पुढे केली, तिच्यात भाचा हजर. म्हणजे खोटं बोलतात ते बाबाच, असं ठरलं. चोर तर चोर वर शिरजोर. बाबांकडून माफीनामा लिहून घेतला, परीक्षेच्या कामातून त्यांना कायमचं काढलं आणि प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर त्याचं कारण वाचून दाखवलं. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत बाबा शाळेत मागच्या फाटकाने जायचे. जवळच्या दापोरा गावी एका लग्नात जुन्या विद्यार्थ्याने "सर" म्हणून हाक मारली तर ताट ठेवून उठले होते.

बडेबाबू मात्र चढत गेले. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सचिव झाले.

मी घरून इंदूरच्या एका छोट्या कंपनीचं काम करते. लोकांचे जुने कागद स्कॅन करून क्लाउडवर जपून ठेवायचे, हा आमचा धंदा. दोन वर्षांपूर्वी त्याच संस्थेचं काम कंपनीकडे आलं, आणि बुऱ्हाणपुरात राहणारी मी एकटी, म्हणून माझ्याकडे. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

काम सुरू करण्याआधी सचिवांशी बोलणं झालं. मी कुणाची मुलगी ते त्यांना ठाऊक होतं, पण मारणारा विसरतो, मार खाणारा विसरत नाही. मी त्यांना समजावलं, की फाइलींना मुदतीचं कुलूप लावता येतं. एक कुलूप असं की गरज पडली तर आमच्या साहेबांना काढता येतं. दुसरं असं की तारीख येईपर्यंत ते कुणालाच काढता येत नाही, फाइल पुसता येत नाही, बदलता येत नाही.

"पक्कावालाच लाव, बेटा. तपासणीत चांगलं दिसते," ते म्हणाले. "चाबी माझ्याजवळ राहील न?"

"काका, याला चाबी नसते."

"अच्छा, अच्छा," म्हणत त्यांनी दहा वर्षांच्या मुदतीच्या फॉर्मवर सही केली. वाचलं एक अक्षर नाही.

शाळेच्या भांडारातून लाल फडक्यात बांधलेले बस्ते येऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात 'क्रीडा प्रमाणपत्रे' लिहिलेल्या बस्त्यातून ते पत्रक निघालं. बाबांचं अक्षर मी कुठेही ओळखेन. भाच्याच्या नावापुढे लाल शाईत 'अनुपस्थित'. त्यावर निळी रेघ मारून 'उपस्थित', आणि बाजूला बडेबाबूंची आखूड सही. ही खाडाखोड झाकायलाच ती नवी नक्कल काढली होती. ऑफिसचा नियमच तो, खाडाखोड केली की बाजूला सही करायची. इतक्या वर्षांची हाताची सवय. लबाडी करायला त्या माणसाला लाज वाटली नाही, पण सहीवाचून खाडाखोड सोडवली नाही. मी खुर्चीत बसून ती सही कितीतरी वेळ पाहत राहिले. मनात उकळ्या फुटत होत्या.

आमच्याकडे कुलूप बटण दाबून लागत नाही. प्रोग्राममधून क्लाउडला प्रत्येक फाइलमागे एक विनंती पाठवायची: फाइल कोणती, कुलूप कोणतं, कुठल्या तारखेपर्यंत. घाईत पहिल्यांदा मी तारीख उलटी लिहिली आणि विनंती परत आली. मग एकेक फाइल बघत बसायचा धीर राहिला नाही. अख्ख्या बस्त्याला एकदम कुलूप घातलं. खात्री करायला ते पत्रक पुसून पाहिलं. उत्तर आलं, परवानगी नाही. मी इतक्या जोरात हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

पुढच्या सोमवारी सचिव काम पाहायला आले तेव्हा मी मुद्दाम तेच पान उघडून लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी चष्मा पुसला. परत वाचलं. "बेटा, हा एक पन्ना डिलीट मारून दे न. जुनी गोष्ट आहे, कोणाच्या काय कामाची?"

"होत नाही, काका."

"मी सचिव आहे."

"तुमच्याच सहीने लावलंय."

त्यांनी माझ्यादेखत इंदूरला माझ्या साहेबांना फोन लावला. साहेबांनीही तेच सांगितलं. सचिवांचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला, आणि खरं सांगते, मला कीव आली नाही. पत्रकाच्या छापील प्रती मी त्याच दिवशी संस्थेच्या सगळ्या सदस्यांना पाठवल्या. महिन्याभरात सचिवांनी राजीनामा दिला आणि संस्थेचं दिलगिरीचं पत्र आमच्या घरी आलं.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि ते पत्रक पाहायला मागितलं. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. पत्रक त्यांनी पाहिलं. बोटाने पुढची पानं सरकवत गेले. चौथ्या पानावर थांबले.

तो त्यांचा माफीनामा होता. 'माझ्या हातून घडलेल्या अक्षम्य चुकीबद्दल' अशी सुरुवात, खाली त्यांची पूर्ण सही. तो त्याच बस्त्यात होता. मी पाहिलाच नव्हता.

"माय, हे पण तिथंच राहील?"

"हो, बाबा."

"त्याचं राहू दे नाहीतर जाऊ दे, मला त्याचं काही नाही. एवढं माझं काढ. मी हे लिहिलं ते कोणी वाचायला नको."

मी त्यांना तारीख सांगितली. त्यांनी मनात हिशेब केला असणार, कारण त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलं नाही. लॅपटॉप मिटून माझ्याकडे दिला आणि चपला घालून बाहेर गेले. दिलगिरीचं पत्र टेबलावरच राहिलं.

या कुलपाची मुदत कमी करता येत नाही, वाढवता येते. मी लॅपटॉप उघडला आणि बडेबाबूंच्या सहीच्या त्या एका कागदाची मुदत आणखी दहा वर्षांनी वाढवली. या वेळी तारीख चुकली नाही. आता बाबांचा माफीनामा आधी सुटेल, तो मी माझ्या हाताने पुसेन, आणि ती सही मागे एकटी उरेल. बाबा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे असतील.