पांडूमामांच्या गालावरचा ठिपका

भूत, करणी, बाहेरचं... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी उठून चहाला जाणारा माणूस. आजही तसाच आहे. पण ही एक गोष्ट कोणाला तरी सांगायलाच हवी, म्हणून लिहितोय.

भोरला एसटी स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. रोलचा कॅमेरा बाजूला ठेवून मी डिजिटल घेतला, त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. वेल्ह्याच्या हद्दीवरच्या एका वाडीतून पांडूमामा आणि त्यांची बायको हौसामावशी आले. बँकेसाठी मामांचे फोटो हवे होते.

पहिला फोटो काढून स्क्रीनवर पाहिला – डाव्या गालावर मसुराएवढा पांढरट ठिपका. लेन्स पुसली. पुन्हा तसाच. फ्लॅश बंद केला, कार्ड बदललं... तसाच! कॅमेऱ्याच्या आत कचरा असला, तर माणूस हलला तरी ठिपका फोटोत एकाच जागी राहतो. म्हणून मामांना स्टूल सरकवायला लावलं. ठिपका मामांबरोबर सरकला. मग त्याच स्टुलावर मावशींना बसवलं – फोटो एकदम स्वच्छ.

मामा हसले. "सलीमभाई, तुमच्या कॅमेऱ्याला म्या पसंत न्हाई वाटतं!"

शेवटी कॉम्प्युटरवर चेहरा मोठा करून ठिपका पुसला. तासभर त्या चेहऱ्यावरच काम करत होतो. आठ प्रती दिल्या. विषय संपला.

चार-पाच महिन्यांनी मावशी लेकीला घेऊन आल्या. कपाळ मोकळं. मामा तापाने गेले होते.

"घरात लावाया मोठा फोटू करून द्या. ह्यो पुसट झालाय."

त्यांनी पिशवीतून उरलेली प्रत काढली. टोपी, कान, कॉलर स्पष्ट... आणि चेहऱ्याच्या जागी पांढरट गोळा. पाणी लागलं असेल असं वाटलं. "काळजी करू नका, माझ्याकडे फाईल आहे," म्हणालो.

फाईल उघडली. तेच. न पुसलेला मूळ फोटो – तेच. बॅकअपची सीडी – तेच! त्याच दिवसाचे बाकीच्यांचे फोटो, अगदी मावशींचासुद्धा, व्यवस्थित.

"पासबुकावरचा?"

"त्यो बी असाच."

"मतदानाच्या कार्डावरचा?"

"त्यात पैल्यापासनंच नुसतं काळं हाय," लेक म्हणाली.

मग त्यांना बाजारातल्या एका पेंटरकडे घेऊन गेलो. सांगाल तसं काढतो म्हणाला. पेन्सिल हातात घेऊन त्याने विचारलं, "नाक कसं होतं?"

मावशी बोलायला गेल्या आणि थांबल्या. "आसं... न्हाई..." लेकीकडे पाहिलं. लेकीने मान खाली घातली. मी सांगायला पुढे झालो. मामांची टोपी आठवली, हसणं कानात ऐकू आलं. चेहरा – नाही! तासभर डोळ्यांसमोर असलेला चेहरा...

नंतर फाईली पुण्याला जाणकारांना दाखवल्या. "करप्ट झाल्यात," एवढंच म्हणाले. फाईल करप्ट होते, मान्य. पण आम्हा तिघांच्या डोक्यातलं काय?

त्या दिवशी एसटीत चढताना मावशींनी माझा हात धरला होता.

"सलीमभाई, वर गेल्यावर म्या त्यांना वळखायचं कसं?"

गाडी निघून गेली.