वैमानिकांचे दोन सारखे डबे

लेक सहवैमानिक झाली तेव्हापासून मला एकच ध्यास लागला होता: आकाशात, विमानाच्या स्पीकरवर, तिचा आवाज ऐकायचा. वसईत, पापडीच्या बाजारात भाजी घेताना कुणी भेटलं तरी मी सुरू व्हायची, "ती विमान चालवणार, ती बोलणार आणि मी आत बसून ऐकणार!"

लेकीने कपाळावर हात मारला. "आई, गावभर दवंडी पिटू नकोस गं. बहुतेक वेळा कॅप्टनच बोलतात. मला मिळेलच असं नाही."

मिळेलच असं नाही म्हणजे काय? मी कामाला लागले. दिल्लीच्या विमानावर तिची ड्युटी होती आणि माझं तिकीट. त्या दिवशी मी कोंबडीचं सुकं केलं, वडे तळले आणि दोन डबे भरले. एक तिचा, एक कॅप्टनचा. दोन्ही अगदी सारखे, कारण पंक्तिप्रपंच आमच्या घरात कुणी कधी केला नाही. शिवाय पोट भरलं की माणूस उदार होतो, असाही माझा हिशेब होता. घाईत तिने डबे न उघडताच बॅगेत टाकले.

विमान उडालं आणि मी खिडकीला नाक लावलं. आमचं चर्च शोधायला मान वाकडी केली, पण दिसली नुसती हिरवी पट्टी आणि वसईची खाडी. मग ढगांच्या वर गेल्यावर विमान इतकं स्थिर झालं की वाटलं, उभंच आहे. लेकीने सांगितलं होतं, वर पोचल्यावर दिशा आणि उंची ऑटोपायलट सांभाळतो, पण वैमानिकाला डुलकी काढता येत नाही. एकाची नजर सतत काट्यांवर आणि कान रेडिओवर, म्हणून दोघं एकदम जेवतही नाहीत. मला किती अभिमान वाटत होता म्हणून सांगू!

तेवढ्यात एअर होस्टेस वाकून हसत म्हणाली, "काकू, तुमच्या डब्यांनी पुढे पंचाईत केलीय. दोन्ही वैमानिकांनी एकच पदार्थ खायचा नसतो. अन्न बाधलं तर दोघं एकदम आजारी पडू नयेत म्हणून. आता वडे कॅप्टन खातायत आणि मॅडमना नंतर आमचं पनीर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी पोर पनीर खाणार, तेही माझ्या हातचे वडे शेजारी असताना! आणि नियम मोडायला निघालेल्या बाईच्या मुलीला कॅप्टन कशाला बोलू देतील?

इतक्यात विमानाला धक्का बसला. पट्ट्याचा दिवा लागला, स्पीकर खरखरला. कॅप्टनच्या तोंडात माझा वडा होता, त्यामुळे विमानही लेकीच्या हाती आणि माइकही! आधी इंग्रजी, मग हिंदी आणि मग चक्क मराठी: "नमस्कार, मी तुमची सहवैमानिक बोलतेय. पुढे हवा थोडी खराब आहे, घाबरू नका."

पट्टा सोडून मी ताडकन उभी राहिले आणि ओरडले, "ही माझी मुलगी!"

"कृपया सगळ्यांनी जागेवर बसून घ्या," ती पुढे म्हणाली.

हिला एका जागी बसवायला मी वर्षानुवर्षं घसा फोडला. आज तिने एकदाच सांगितलं आणि मी मुकाट्याने बसले, पट्टा बांधला आणि मनसोक्त रडले.