हिरव्या खुणांना न भुलणारी मावशी

सॉफ्टवेअरच्या त्या ऑफिसात तिला सगळेच मावशी म्हणत, कारण तिची सख्खी भाची त्याच टीममध्ये होती. पाठीमागे म्हणत ‘आडकाठी’. म्हणेनात का! दुसऱ्यानं तपासल्याशिवाय कोणाचाही कोड पुढे जायचा नाही, असा तिथला नियम, आणि तपासायला मावशी बसली की भल्याभल्यांना घाम फुटायचा.

त्या दिवशी भाचीचंच काम तिच्यापुढे आलं. दोन वेबपत्ते एकसारख्या रूपात आणून ते एकच आहेत का हे ठरवणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा छोटा तुकडा, टीमच्या साहेबांनी लिहिलं होतं. ते नीट चालतं का, याच्या चाचण्या भाचीनं लिहिल्या होत्या. यावरच तिची नोकरी कायम होणार होती. सगळ्या चाचण्यांपुढे हिरव्या खुणा, म्हणजे सगळ्या पास.

मावशीनं वाचलं आणि कपाळावर हात मारला. फंक्शनची उत्तरं ज्यांच्याशी ताडून पाहायची, ती अपेक्षित उत्तरंसुद्धा पोरीनं त्याच फंक्शनकडून काढून घेतली होती! परीक्षा देणाराच पेपर तपासणार, मग नापास कोण होतंय? मावशीनं आपल्या कॉम्प्युटरवर ते फंक्शन मुद्दाम मोडलं: कुठलेही दोन पत्ते द्या, उत्तर ‘एकच’. चाचण्या चालवल्या, तरी सगळ्या हिरव्याच. तिनं काम परत पाठवलं.

साहेब तणतणत आले. “अहो, घरच्या पोरीच्या पोटावर पाय आणताय?”

“घरची म्हणून डोळे मिटू? जमणार नाही. हवं तर मला काढा.”

भाची रडवेली झाली. “बाकीच्यांचं चालतं, माझ्याच वाट्याला तू!”

मावशीनं शेजारची खुर्ची ओढली. “बस इथं. उत्तरं स्वतः विचार करून लिही.”

भाचीनं धुसफुसत लिहिली, चाचण्या चालवल्या, आणि एक खूण लालभडक झाली. पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे ग्राहकाचा क्रमांक असायचा. साहेबांचं फंक्शन तो सरळ फेकून देत होतं. दोन वेगळ्या माणसांची पानं एकच ठरत होती.

साहेबांनी वाकून पाहिलं. आवाज एकदम मऊ. “तेवढी एक चाचणी काढून टाक ना. आजच मंजूर करू. तुझी नोकरीही कायम.”

मावशी तोंड उघडणार, तोच भाचीनं कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

“नाही काढणार, साहेब. तुमचं फंक्शन दुरुस्त करून आणा. तपासायला मी बसते.”