कपाटाला नखं असतात का?

सहा फूट उंचीचा, पाठीवर कपाटं वाहणारा हमाल बायकोचा मार खातो, हे सांगायचं कुणाला? सरकारी दवाखान्यात मी दर वेळी ‘कपाट लागलं’ म्हणायचो. तिसऱ्या खेपेला मलमपट्टी करणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, “दादा, तुमच्या कपाटाला नखं आहेत का हो?”

मी हसलो, त्या हसल्या नाहीत. दार लावून त्यांनी विचारलं, “घरी कोण मारतं?” मी घडाघडा बोललो.

त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. “आमच्याकडे फक्त बायकांची सोय,” उत्तर आलं.

“मग यांना परत मार खायला पाठवू?” सिस्टर कडाडल्या. दहा मिनिटांत केंद्रात माझ्यासाठी एक खोली निघाली.

आता तिथे पुरुषांसाठी दोन खाटा कायमच्या आहेत. पण तेव्हा, खोली मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी सिस्टरांचे आभार मानायला गेलो, तर म्हणाल्या, “ते नंतर. आधी बाही वर करा, धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलंय!”