मुहूर्ताआधीची डबल बेल

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मुहूर्ताच्या चार मिनिटं आधी लागलं. भटजींची चूक नव्हती. चूक माझी होती, आणि ती साडेतीनशे माणसांनी ऐकली.

धाकट्या बहिणीचं लग्न आधी ठरलं, की मोठीनं लग्नात कुठं उभं राहायचं हा प्रश्नच असतो. जिथं उभी राहशील तिथं कुणीतरी काकू येऊन विचारणार, "मग तुझं कधी?" मी उत्तर शोधून ठेवलं होतं. मी बँडमध्ये उभी राहणार होते. तोंडात क्लॅरिनेट असलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही.

आमचा बँड म्हणजे शुक्रवार पेठेतली आठ हौशी माणसं. संध्याकाळी एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही जमतो. मी घरून काम करते, ऑफिसच्या मीटिंगमध्ये 'यू आर ऑन म्यूट' हे वाक्य सगळ्यात जास्त मलाच ऐकावं लागतं (बहुतेक वेळा मी म्यूटवर नसते). त्या खोलीत मात्र बोलावंच लागत नाही. आठ जणांचा सूर एकदा जुळला, की घड्याळाकडं कुणी बघत नाही. मग बँडमधले आमचे ट्रंपेटवाले चाचा वाद्य खाली ठेवून नुसतं "वा!" म्हणतात, आणि मला त्यावर दोन दिवस झोप लागत नाही.

आमचे मास्तर एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मोठा ढोल त्यांच्याकडं. बँडही ते एसटीसारखाच चालवतात.

"क्लॅरिनेट म्हंजी डबल बेल," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "तू वाजिवलीस की गाडी हालली."

"आणि थांबवायला सिंगल बेल कोणती?"

"आपल्या गाडीला सिंगल बेलच न्हाय!"

मला हे तेव्हा फार छान वाटलं होतं.

लग्नात खरी तयारी मामीची होती. मंद्रूपच्या आमच्या मामीनं सहा महिने खपून एक मंगलाष्टक रचलं होतं. त्यात सगळ्या घरादाराची नावं. नवरामुलगा मंगळवेढ्याचा, आणि त्याच्या आत्या म्हणे प्रत्येक लग्नात स्वतःचं मंगलाष्टक म्हणतात. त्यामुळं हे नुसतं गाणं राहिलं नव्हतं. "आपल्याकडं बी म्हणणारं माणूस हाय, कळू दे की त्यास्नी," असं म्हणत मामी सहा महिने म्हशीपुढं सराव करत होती. मुहूर्त बारा पस्तीसचा. सगळ्यात शेवटी मामी म्हणणार, तिचं 'सावधान' झालं की मी सूर द्यायचा आणि बँड सुरू. इतकं सोपं!

बँड कार्यालयाच्या दाराबाहेर मांडवात. आतलं फक्त मला दिसत होतं. आत्यांचं मंगलाष्टक झालं. छान झालं. मामीनं चष्मा लावला, कागद उघडला, माइक हातात घेतला आणि घसा साफ करायला क्षणभर थांबली. सगळं कार्यालय शांत.

तेवढ्यात चाचा माझ्या कानात म्हणाले, "पत्ती सुकने नक्को दे, बेटी."

क्लॅरिनेटची पत्ती कोरडी पडली की ऐन वेळी सूर फाटतो. म्हणून मी ती जरा ओली केली. आणि ठीक आहे ना हे बघायला अगदी हळू, स्वतःपुरती, फुंकर मारली.

"पीं."

मास्तरांनी डोळे मिटले आणि ढोलावर टिपरू हाणलं!

पुढं काही कुणाच्या हातात राहिलं नाही. बँड वाजला की लग्न लागलं, हे आपल्याकडं तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. साडेतीनशे मुठींतल्या ज्वारीच्या अक्षता एकदम उडाल्या. अंतरपाट धरणाऱ्यांनी अंतरपाट सोडला. समोर नवरा दिसताच आमच्या पल्लवीनं त्याच्या गळ्यात हार घातला. (एरवी हिला साधी कुठली भाजी घ्यायची हाही निर्णय घेता येत नाही.)

"अहो, चार मिनिटं आहेत अजून!" भटजी घड्याळ दाखवत ओरडत होते.

"थांबा की! माझं ऱ्हायलंय!" हे मामी, माइकवरून.

मी धावत जाऊन मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना ती शाबासकी वाटली. त्यांनी लय दुप्पट केली.

बँड थांबला तेव्हा अर्धं कार्यालय पंगतीला जाऊन बसलं होतं. भटजींनी अंतरपाट पुन्हा धरायला लावला. "हार काढा," ते म्हणाले.

"लगेच?" पल्लवी म्हणाली. "लग्न होऊन तीन मिनिटं झालीत!"

बारा पस्तीसला भटजींनी शेवटचं मंगलाष्टक स्वतःच म्हटलं. मामीनं माइक घेतला नाही.

"रिकाम्या खुर्च्यास्नी ऐकवू व्हय?" एवढंच म्हणाली आणि कागदाची घडी घालायला लागली. घडीवर घडी. कागद सुपारीएवढा झाला तेव्हा मला रडू यायला लागलं. मग मी मास्तरांकडं गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी हुकूम सोडला. "मास्तर, मामीला पंगतीत न्यायचंय. वाजवत."

"रूट बदलला म्हण की," मास्तर म्हणाले आणि ढोल उचलला.

पुढं बँड, मागं मामी, अशी आमची वरात जेवणाच्या हॉलमध्ये शिरली. वाढपी भिंतीला चिकटले. कुणीतरी मामीच्या हातात माइक दिला, तिनं कागद उलगडला, मी तिला सूर दिला, आणि ती अशी खणखणीत गायली, की आत्यांनी जिलेबी ताटात ठेवली. अक्षता संपल्या होत्या. एका आजोबांनी मसालेभाताचीच चार शितं उधळली. गाण्यात सासू झाली, सासरे झाले, मामा झाले आणि शेवटच्या कडव्यात ओळ आली:

"भाची शांत अबोल ती न कळु दे, येते नि जाते घरी!"

सगळी पंगत वळून माझ्याकडं बघायला लागली. मग जे हसू फुटलं, ते आमच्या बँडहून मोठं होतं. मामीही कागदाआड हसत होती.

"ही वळ बदलू का गं?" तिनं माइकवरूनच विचारलं.

"राहू दे," मी म्हणाले.

अर्थात, कुणालाच ऐकू गेलं नाही.