चुन्याच्या पिंपाशेजारची बादली

रहिमतपूरच्या वेशीबाहेर एक गुऱ्हाळ आहे. त्याच्या दर्शनी बाजूस ‘रसायनविरहित शुद्ध गूळ’ असा मोठा फलक असून, त्याखाली छायाचित्रे काढून घेण्यासाठी पुण्याकडची मंडळी गाड्या थांबवतात. उसाच्या रसातील मळी वर यावी म्हणून रसात थोडी चुन्याची निवळी घालावी लागते. त्यात लपवण्यासारखे काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती घातली जात आहे. परंतु पाहुण्यांच्या नजरेस चुना पडू नये, म्हणून मालकाने चुना भिजवण्याचे पिंप उजेडातून उचलून चिपाडाच्या ढिगामागील अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवले. माझी पहिली तक्रार या फलकाविरुद्ध आहे. ती मी मालकास लेखी दिली होती. उत्तर आले नाही.

जोतीराम या गुऱ्हाळाचा गुळव्या. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उकळणारा रस नेमका कोणत्या क्षणी उतरवायचा, हे गुळव्याने ठरवायचे असते. क्षणभर आधी उतरला तर गूळ पाघळतो, क्षणभर उशीर झाला तर करपतो. मालकाने आणलेला तापमापक खुंटीला टांगलेला आहे. जोतीराम वाफेत तोंड घालून बुडबुड्यांकडे पाहतो आणि हात वर करतो. त्या हाताची चूक झाल्याचे मी सतरा हंगामांत ऐकले नाही.

घराणे फौजेतले. वडील सुभेदार होऊन परतले, थोरला भाऊ आजही सीमेवर आहे. जोतीराम मात्र भरतीला तीनदा गेला आणि तिन्ही वेळा छातीच्या मापात अर्ध्या इंचाने हुकला. नजरेच्या रकान्यात मात्र तिसऱ्या खेपेस ‘उत्तम’ असा शेरा पडला होता. तेवढा कागद त्याने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला. सरकारने त्याला दिलेले हे एकमेव प्रशस्तिपत्र.

त्याचे दोन मित्र तिथेच कामाला आहेत. आप्पासो चरकावर ऊस घालतो आणि दिवसभर बोलतो. मल्हार मूळचा माण भागातल्या मेंढपाळ घरातला; शाळेसाठी मामाकडे आला आणि इथलाच झाला. तो चुलवाणात जाळ घालतो आणि सहसा बोलत नाही. तिघेही नववीला माझ्या वर्गात एकाच बाकावर बसत असत. मी त्यांना विज्ञान शिकवले. हे वाक्य मी पूर्वी अभिमानाने उच्चारत असे.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. सकाळचे दहा वाजले होते. जोतीराम पिंपावर वाकून चुना किती भिजला ते पाहत होता. त्या कोपऱ्यात वाकल्याशिवाय काही दिसतच नाही. आप्पासो कळीच्या चुन्याचे खडे घेऊन आला.

“सरक गड्या, नाक शिजंल तुझं.”

“टाक रं. शिजलं तरी तुझ्या नाकापरीस बरंच दिसंल.”

आप्पासोने हसत हसत खडा टाकला. पिंपातले पाणी आधीच तापलेले होते. खडा तडकला, उसळी आली आणि चुन्याचा फवारा जोतीरामच्या उजव्या डोळ्यात गेला.

दहा पावलांवर विहिरीच्या मोटारीची धार हौदात पडत होती. चार इंची नळाची, स्वच्छ, गार धार. मल्हारने जोतीरामला बगलेत धरून तिकडे ओढत नेले. डोके धारेखाली धरणार, इतक्यात आप्पासोने धावत येऊन त्याचा दंड पकडला.

“पाणी नगं! मल्ल्या, पाणी लावू नगंस! चुना हाय त्यो, डोळ्यात उकळंल!”

मल्हार थांबला. आप्पासोने काहिलीतला फेस बसवण्यासाठी ठेवलेल्या डब्यातले एरंडेल आणून डोळ्यात ओतले आणि वर आपला पंचा बांधला. मालक बाहेर आले. म्हणाले, “पाहुणे आलेत पुढं. मागच्या वाटेनं न्या.” हीच त्यांची मदत.

तिघे एका मोटारसायकलवरून साताऱ्याला निघाले. डोळा चोळला जाऊ नये म्हणून मल्हारने मागून जोतीरामचे दोन्ही हात धरून ठेवले होते. जोतीराम सारखा एकच म्हणत होता, “दुसरा ऱ्हाईल न्हवं रं? एक तरी ऱ्हाईल न्हवं?” पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला.

डॉक्टरांनी पंचा सोडता सोडता विचारले, “पाण्यानं धुतला होता का?”

“न्हाई डॉक्टर,” आप्पासो छाती काढून म्हणाला. “एक थेंब लावू दिला न्हाई.”

 डॉक्टरांनी तिथल्या तिथे सलाइनच्या बाटल्या मागवल्या आणि अर्धा तास तो डोळा धुतला. कापसाच्या काडीने चुन्याचे कण एकेक करून काढले आणि सांगलीच्या एका नेत्ररुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून दिली.

सांगलीत तो अकरा दिवस होता. दर तासाला थेंब घालावे लागत. दोघे असले की थेंब आप्पासो घाली, पापणी मल्हार उघडून धरी. दोघांनी आळीपाळीने खाडे केले. एक रहिमतपूरला गेला की दुसरा उशाशी. मी रविवारी गेलो. काय बोलायचे, ते एस.टी.तच जुळवून ठेवले होते. आप्पासो दारातच भेटला.

“अरे, हाकेच्या अंतरावर पाणी वाहत होतं,” मी म्हणालो. “शिकलेली माणसं ना तुम्ही? पाणी लावू नका, हे कुठल्या वैदूनं सांगितलं तुला?”

आप्पासो हातातली थेंबांची बाटली सदऱ्याला पुसू लागला. 

“सांग की. कुणी सांगितलं?”

“सर,” तो हळूच म्हणाला, “नववीत तुमीच दावलं व्हतं. वाटीत चुन्याचा खडा, वर पाणी. फसाफसा उकळलं. तुमी म्हणाला, हात लावू नगा, भाजंल. माझ्या ते डोक्यात बसलं.”

आतून जोतीरामचा आवाज आला, “सर, त्याला शाळंत तेवढं एकच ध्येनात ऱ्हायलं. तुमाला आनंद व्हायला पायजे.”

उशाशी बसलेला मल्हार हसला. मला हसता आले नाही. तो प्रयोग मी दरवर्षी करतो. वाटी उकळते, मुले टाळ्या वाजवतात, घंटा होते. थोडे पाणी चुन्याला तापवते, हे मी दाखवले. भरपूर पाणी त्याला धुऊन वाहून नेते, आणि डोळ्यात गेला तर धावत जाऊन नळाखालीच उभे राहायचे, हे सांगायला माझ्यापाशी अठ्ठावीस वर्षांत दोन मिनिटे नव्हती. पाठ्यपुस्तकात ते नाही, असे मी स्वतःला सांगून पाहिले. फलक लावणारे मालकही असेच काही स्वतःला सांगत असतील.

डावा डोळा राहिला. उजव्याला उजेड आणि सावली एवढेच कळते. त्यावर दुधासारखा पडदा आला आहे. पुढे शस्त्रक्रिया करून पाहता येईल, टिकेलच असे नाही, असे डॉक्टर म्हणतात. नव्या हंगामात मालकांनी शिराळ्याकडचा दुसरा गुळव्या आणण्याचे ठरवले होते. आप्पासो आणि मल्हार पहिल्या दिवशी गुऱ्हाळाच्या दारात बसून राहिले. चरक फिरला नाही, चूल पेटली नाही. दुपारी मालकांनी जोतीरामला बोलावणे धाडले.

मी ती पहिली काहील पाहायला गेलो होतो. जोतीराम पूर्वीपेक्षा अधिक खाली वाकला, मान वळवून डावा डोळा वाफेत धरला. हात वर जायला उशीर झाला. कडेचा गूळ किंचित काळपट निघाला.  दुसरी काहील बरी उतरली. पूर्वीसारखी एकही नाही, असे तो स्वतःच म्हणतो. गिऱ्हाइकाला ते कळत नाही, त्याला कळते.

पिंप अजून त्याच कोपऱ्यात आहे. जोतीराम मात्र रोज कामावर आल्याबरोबर त्याच्याशेजारी पाण्याने भरलेली बादली आणि त्यात तांब्या ठेवतो. बादलीमुळे पाहुण्यांचे तिकडे लक्ष जाते, म्हणून मालकांनी ती दोनदा हलवली. तिसऱ्यांदा जोतीराम काहिलीपासून न उठताच म्हणाला, “मालक, बादली हलली की मी बी हललो. मग घ्या तुमचा खुंटीवरला तापमापक.”

बादली जागेवर आहे. फलकही जागेवर आहे. माझी नवी तक्रार लिहून तयार आहे, पण या खेपेस ती कोणाच्या नावे पाठवावी, हे ठरत नाही.